दोन गुंड्या सूत

सुताच्या एका गुंडीत सहाशे चाळीस तार, म्हणजे धागे, असतात आणि एक तार चार फुटांचा असतो, हे ज्ञान मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, माझ्या कन्येच्या चौथ्या इयत्तेमुळे प्राप्त झाले. तत्पूर्वी मी सुताच्याच सान्निध्यात एकोणीस वर्षे व्यतीत केली होती. कुर्ल्याकडील एका गिरणीच्या कातखात्यात मी टाइमकीपर आहे. अर्थात कोणता कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला, याची नोंद ठेवणे हे माझे विहित कर्तव्य होय. आमच्या खात्यात सूत कातणाऱ्या यंत्रांच्या वीस हजार चात्या अहोरात्र फिरत असतात. त्यांच्याकडे मी कधी निरखून पाहिले नव्हते, कारण चात्यांची हजेरी घ्यावी लागत नाही.

परंतु घाटकोपरच्या आमच्या चाळीत हा बारकावा कोणास ठाऊक असणार? "सहदेवराव सुताच्या खात्यात आहेत" एवढेच लोक जाणत, आणि मीही त्यांच्या ज्ञानात भर घालण्याची घाई कधी केली नाही. कोणाच्या धोतराचा पोत पाहून मी नुसते "हं" म्हटले, तरी समोरचा मनुष्य चिंताग्रस्त होत असे. मनुष्याची प्रतिष्ठा पुष्कळ वेळा अशा एका "हं"वर उभी असते, असे माझे नम्र मत आहे.

त्या प्रतिष्ठेस पहिला धक्का फेब्रुवारीच्या प्रारंभी बसला. आमची नीला शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीत लिहिले होते की, चौथीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने महिनाअखेर स्वतः कातलेले दोन गुंड्या सूत शाळेत जमा करावे. अन्यथा त्यास शिल्प या विषयात अनुत्तीर्ण समजण्यात येऊन पाचव्या इयत्तेत चढविण्यात येणार नाही.

हल्ली शिक्षण हाताने घ्यावयाचे असते. आमच्या काळी ते पाठीवर घ्यावे लागे. नव्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक मुलाने टकळीवर सूत कातावे आणि त्यातून गणित, भूगोल व सदाचार हे विषय आपोआप उमलावेत, असा संकेत आहे. नीलाच्या बाबतीत क्रम किंचित उलटला होता. गणितात ती वर्गात पहिली, वाचनात पहिली, सदाचारातही तक्रार नव्हती. सूत तेवढे उमलत नव्हते.

"आतापर्यंत किती झालं?" मी विचारले.

"सदतीस," नीला म्हणाली.

"गुंड्या?"

"तार, बाबा."

जून ते फेब्रुवारी, सदतीस तार! हवे होते बाराशे ऐंशी. कारण विचारता ती म्हणाली, "बाई उजव्या हातानं टकळी फिरवायला लावतात. मला डाव्यानं येतं. पण डाव्या हाताचं सूत मोजणार नाही म्हणतात."

नीला जन्मतः डावखुरी आहे. जेवण आणि लेखन तिने उजव्या हाताने शिकून घेतले. परंतु टकळी ही पितळेची चकती लावलेली एक सळई असून ती बोटांनी गरकन फिरवून अधांतरी सोडायची असते, आणि दुसऱ्या हाताने पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, धागा ओढायचा असतो. तेथे नीलाचा उजवा हात तिची आज्ञा मानीत नव्हता.

एवढ्यावरच प्रकरण थांबते तर मी हे लिहावयास बसलो नसतो. पण त्याच रविवारी दहिसरहून माझे थोरले बंधू आले. त्यांना सारे कुटुंब भाऊ म्हणते. भाऊंनी आजवर कधी आवाज चढविलेला नाही, कारण त्याची आवश्यकताच पडलेली नाही. चिठ्ठी ऐकून त्यांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "बरां. पास झाला तर पाचवीक घाल. मागे रवला तर शाळा पुरी. चेडवाक एकाच वर्गात दोनदा कित्याक बसवूचा? आवशीक मदत करूं दे."

नीला दाराआड उभी होती. शाळा सोडून आईच्या हाताखाली राहण्याचा हा निकाल तिनेही ऐकला. तिने पुस्तकांची पिशवी खुंटीवरून काढून पोटाशी धरली. माझी पत्नी रत्नप्रभा मला आत बोलावून म्हणाली, "ऐकलंत ना? आता त्या सुताचं काय ते बघा. एवढे दिवस सुताच्या खात्यात आहात, तर मुलीला दोन गुंड्या शिकवा की!"

आता "मला येत नाही" असे पत्नीस सांगणे शक्य होते; परंतु शेजारच्या खोलीत शरच्चंद्रअण्णा राहतात आणि मधली भिंत फळ्यांची आहे. रेल्वेच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले अण्णा दुसऱ्यांच्या अडचणी स्वतःच्या मानतात. ते तत्काळ दारात येऊन म्हणाले, "अहो सहदेवराव, तुमच्या घरी सुताचा प्रश्न? हे म्हणजे पोस्टमास्तराकडे तिकीट नाही!"

मी "हं" म्हटले आणि टकळी हाती घेतली.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे वर्णन मी संक्षेपाने करतो. पहिल्या प्रयत्नात धागा तुटला. दुसऱ्यात टकळी तुटलेल्या धाग्यासह सज्ज्यातून खाली जाऊन कोणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांत उभी राहिली. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी प्रेक्षक जमले. एकाचे म्हणणे पडले की पेळूला ऊन दाखवा. दुसऱ्याचे, की ऊन अजिबात नको, सर्दावू द्या. कोणी म्हणाले बोटांना राख लावा, कोणी म्हणाले खडू. अण्णांनी मला पूर्वाभिमुख बसविले. पूर्वेस आमची मोरी असल्यामुळे मी भिंतीस नाक लावून सूत कातू लागलो. चार फूट धाग्यास चार फूट मोकळी जागा लागते, हे सत्य तेथे माझ्या कोपरास कळले.

"बाबा," नीला हळूच म्हणाली, "तुम्ही पण डाव्यानं करून बघता का?"

मंडळी हसली. मी टकळी खाली ठेवली आणि जाहीर केले की गिरणीतील कताई आणि हातकताई ही दोन संपूर्णतः भिन्न शास्त्रे आहेत. हे विधान सत्य होते. पण ते अर्ध्या तासापूर्वी करावयास हवे होते.

तेव्हा अण्णांनी अर्जाचा मार्ग सुचविला. माझी सूचना अशी होती की, मुलीस डाव्या हाताने कातू द्यावे, एवढीच परवानगी मागावी. अण्णा म्हणाले, "छे! परवानगी नाकारता येते. सूट मागा. सूट नाकारायला कारण द्यावं लागतं." अर्ज त्यांनी सांगितला, मी लिहिला. त्यात "सदरहू कन्येचा दक्षिण हस्त जन्मतः उदासीन असल्याकारणाने" असे एक वाक्य होते, ते मला अद्याप आवडते.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांचे उत्तर आले: हस्तदोषाबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडावा. मी नीलाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिची दहाही बोटे वाकवली, कोपर फिरवले, हातात हात घेऊन "दाब" म्हणाले, आणि स्वतःचाच हात झटकीत विचारले, "दोष कुठाय?"

"उजवा हात उदासीन आहे," मी म्हणालो.

"उत्तम आहे हो! डावा तर त्याहून उत्तम. दाखला कशाचा देऊ?"

मला रिकाम्या हाताने परतवणे त्यांच्या जिवावर आले असावे. त्यांनी लिहून दिले: "उभय हात निर्दोष व कार्यक्षम." मी तो कागद वाटेतच फाडावयास हवा होता. परंतु शासकीय शिक्का असलेला कागद फाडण्याची आमच्या घराण्याची रीत नाही. तो मी अर्जास जोडला. आणि मुख्याध्यापकांनी त्यावर शेरा मारला की, उभय हात कार्यक्षम असल्याचे पालकांनीच सिद्ध केले असल्याने सूट देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

महिन्याचे बारा दिवस संपले. नीलाची प्रगती एकेचाळीस तारांपर्यंत आली होती. रत्नप्रभा माझ्याशी मोजके बोलू लागली होती. आणि अशा मनःस्थितीत मी खात्यात बसलो असता, समोरच्या चात्यांकडे एकोणीस वर्षांत प्रथमच निरखून पाहिले.

तेथे सूत होते. भरपूर होते.

माझी विचारसरणी वाचकांपुढे प्रांजळपणे मांडतो. शाळेस सूत हवे. सूत राष्ट्रास हवे. राष्ट्र धाग्याला "तू कोणाच्या बोटांतून आलास?" असे विचारीत नाही. चिठ्ठीत "स्वतः कातलेले" हे शब्द होते खरे. परंतु छापील चिठ्ठ्यांत असे शब्द शोभेसाठी घालतात, हा माझा अनुभव. आमच्याकडे "येथे थुंकू नये" असेही छापलेले आहे. मी कताईमास्तर नंदकिशोर यांच्याकडे सरळ गेलो, मुलीच्या शाळेसाठी नमुना म्हणून तीन लड्या मागितल्या, त्यांनी हसून दिल्या, फाटकावर रीतसर पास दाखविला. यात लपवाछपवी अशी कोठेही नव्हती.

अधिक काय सांगू? गिरणीची लडी आठशे चाळीस वारांची, आणि शाळेची गुंडी मी गुणाकार करून पाहिली तर आठशे त्रेपन्न वार आणि एक फूट भरते. म्हणजे प्रत्येक गुंडीमागे तेरा वार आणि एक फूट उणे. ते मी तिसऱ्या लडीतून मोजून, जोडून, पुरे केले. राष्ट्रास मी एक फूटही कमी दिलेला नाही.

नीलाने ते सूत पाहिले आणि हात मागे घेतले.

"हे माझं नाही."

"बाळ, सूत म्हणजे सूत."

"मग गणिताची उत्तरं पण तुम्हीच लिहून द्या की!"

"गणिताची गोष्ट निराळी."

"का निराळी?"

"निराळी म्हणजे निराळी!" मी जरा मोठ्याने म्हणालो. रत्नप्रभा मधे पडली. "तिच्या हाती देऊ नका. तुम्हीच नेऊन द्या. आधी पाचवीत जाऊ दे, मग कोणाचं सूत ते बघू." दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत पोचत्या केल्या. त्या दिवसापासून नीलाने माझ्याशी बोलणे बंद केले. जे सांगायचे ते ती आईमार्फत सांगे. "आई, बाबांना सांग, पाणी तापलंय." मी तीन फुटांवर उभा असे.

इकडे शाळेत वेगळेच घडत होते. शिल्पाच्या शिक्षिका वसुधाबाई या अतिशय कष्टाळू बाई. त्यांनी कताईचा तीन महिन्यांचा वर्ग केलेला होता. मुलांचे सूत आठ-दहा नंबरचे, म्हणजे सुतळीच्या जवळपासचे. नीलाचे सूत त्यांनी काट्याला लावले, तर ते भरले अतिबारीक, चाळीस नंबर! बाईंनी तराजू पुसून पुन्हा लावला. पुन्हा चाळीस. त्यांनी हर्षभराने पुस्तकात "शाबास" लिहून सही केली. मुख्याध्यापकांनी ते वर कळविले. आणि तीन दिवसांनी शाळेतून दुसरी चिठ्ठी आली, ती अशी: येत्या शनिवारी सकाळी शाळेत सूत्रयज्ञ योजिला असून शिक्षणखात्याचे निरीक्षक येणार आहेत, चाळीस नंबरचे सूत काढणारी कु. नीला त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक करून दाखवील. पालकांनी अगत्य यावे.

चिठ्ठी रत्नप्रभेने वाचली, मी वाचली, आणि भिंतीपलीकडून अण्णांनी मोठ्याने वाचून घेतली. "अहो, अभिनंदन! मी भाऊंना कार्ड टाकतो दहिसरला!" मी "नको" म्हणेपर्यंत ते चपला घालून जिना उतरले होते.

मी कबुली देण्याचा निश्चय केला. दुसऱ्या दिवशी पाळी संपताच तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. वसुधाबाईही तेथेच होत्या. वास्तविक "मी गिरणीचे सूत दिले" एवढेच सांगायचे होते. साध्या शब्दांत सांगावे हे मला सुचले नाही असे नाही. पण साध्या शब्दांत ती गोष्ट फारच लहान आणि फारच वाईट दिसत होती. म्हणून मी म्हणालो, "सर, सत्य निवेदन करणे माझे कर्तव्य आहे. सदरहू सुताचे श्रेय माझ्या कन्येच्या हस्तकौशल्यास नसून, ज्या औद्योगिक वातावरणात आमचे कुटुंब वावरते त्यास आणि यंत्रशक्तीच्या प्रभावास आहे."

मुख्याध्यापकांनी क्षणभर डोळे मिटले. "वा! बाप कातखात्यात, मुलगी टकळीवर! घरचा उद्योग आणि शाळेचं शिक्षण यांची सांगड, यालाच आम्ही समवाय म्हणतो. वसुधाबाई, हे वाक्य लिहून घ्या. निरीक्षकांसमोर वाचू."

"तसे नव्हे, सर. माझा आशय..."

"विनय पुरे झाला, सहदेवराव!"

वसुधाबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. त्यांच्या हातातील पेन अजून उघडेच होते. "मला कळलं तुम्ही काय सांगत होतात ते," त्या पुटपुटल्या.

"मग आपणच सांगा ना त्यांना!"

"मी काय सांगू? वर 'शाबास' लिहून सही केलीय मी. चाळीस नंबर बघून तेव्हाच कळायला हवं होतं मला. आमच्या सबंध शाळेचं ठरलेलं सूत अर्धंसुद्धा झालेलं नाहीये हो. दोन गुंड्या एकदम आल्या, आणि मला बघायचंच नव्हतं." मग त्या एकदम थांबल्या. "नीलानं मला रोज सांगितलं, बाई, ते मी नाही काढलं. मी म्हटलं, लाजतेय."

म्हणजे सत्य सांगण्याचा प्रयत्न आमच्या घरातून दोघांनी केला होता, आणि दोघांसही विनयशील ठरविण्यात आले होते. घरी आलो तो डोक्यात इतका गोंधळ माजला होता की, सुतापेक्षा मीच अधिक गुंतलो आहे असे वाटू लागले.

अण्णांचा सल्ला असा पडला की शनिवारी मुलीस गोवर काढावा. "परवानगी कुणाची लागत नाही," ते म्हणाले. नीलाने आईला सांगितले, "आई, अण्णांना सांग, मी जाणार आहे."

शनिवारी शाळेच्या पटांगणात छोटासा मांडव घातला होता. पुढच्या ओळीत अण्णा, त्यांच्या शेजारी पांढरी टोपी घालून भाऊ. टेबलावर आमच्या दोन गुंड्या फुलांच्या तबकात ठेवलेल्या. निरीक्षक हा किडकिडीत, खादीतील गृहस्थ निघाला. आणि त्याच्या शबनम पिशवीतून त्याची स्वतःची टकळी डोकावत होती, हे पाहून मी मागच्या ओळीत जाऊन बसलो.

नीला पाटावर बसली. उजव्या हाताने तिने टकळी फिरविली. धागा दीड वीत आला आणि तुटला. दुसऱ्यांदा तुटला. तिसऱ्यांदा टकळी घरंगळत निरीक्षकांच्या पायाशी गेली. "घाबरलीय," मुख्याध्यापक म्हणाले. "चाळीस नंबर, नीला, चाळीस नंबर!" अण्णांनी पुढच्या ओळीतून प्रोत्साहन दिले. भाऊंनी सुपारी काढली, आणि कातरली नाही.

नीलाने टकळी उचलली, डाव्या अंगठ्याला पाटाजवळच्या वाटीतली राख लावली आणि बाईंकडे पाहिले. वसुधाबाई अर्ध्या उठल्या. मग, कोणास ठाऊक का, पुन्हा खाली बसल्या.

टकळी फिरली. धागा निघाला. कोठे शेवईएवढा जाड, कोठे दिसेनासा बारीक. पण तो वाढत गेला, हातभर झाला, दोन हात झाला, तिने तो गुंडाळला आणि दुसरा काढला. निरीक्षक खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी चष्मा लावला.

"बाळ, पीळ उलटा पडतोय तुझा."

"डाव्या हातानं तसाच पडतो."

"तुटत नाही?"

"बघताय ना तुम्ही!"

त्यांनी तबकातल्या गुंडीतून एक धागा ओढला, बोटांत उलगडला, उजेडात धरला. "आणि हे? हे काही तुझं नाही."

"नाही."

"मग कुणाचं?"

नीलाने टकळी पाटावर ठेवली. आठवडाभर ती ज्यास त्यास सांगत होती की हे माझे नव्हे. पण कोणाचे, हे मात्र तिने अद्याप कोणासही सांगितले नव्हते. आताही ती खाली मान घालून बसली. सर्व मांडव तिच्याकडे पाहत होता. ती चोर ठरत होती, आणि तरीही माझे नाव घेत नव्हती.

मी उठून उभा राहिलो. मनात एक सुंदर वाक्य तयार होते. त्यात "परिस्थितिवशात्" हा शब्द होता. ते तोंडातून निघालेच नाही.

"गिरणीचं आहे. मी आणलं."

एकंदर चार शब्द. "अरे गाढवा!" भाऊ म्हणाले. भाऊंचा आवाज चढल्याचे मी आयुष्यात त्या वेळी प्रथम ऐकले.

त्यानंतर बराच वेळ नियमांचे वाचन झाले. मुख्याध्यापकांनी पुस्तिका आणविली. निरीक्षकांनी ती वाचली, उलटून मागचे पान वाचले, आणि म्हणाले, "'विद्यार्थ्याने स्वतः कातलेले.' हात कुठला, ते यात लिहिलेलं नाही. ही मुलगी कातते आहे. महिना संपायला अजून आठवडा आहे. पुढच्या शनिवारी सकाळी मोजा. दोन गुंड्या भरल्या तर पास, नाही भरल्या तर नापास." गिरणीच्या सुताचे काय करावे, हा प्रश्न निघाला. ते नोंदवहीत "जमा" रकान्यात चढले होते, आणि "परत" असा रकानाच नव्हता. ते बहुधा अद्याप शाळेच्या कपाटात आहे.

"आणि पालकांना सुताची फार हौस दिसते," निरीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले. "रोज मुलीच्या समोर बसा. किती तार झाले ते चिठ्ठीवर लिहा. खाली लिहा, 'मी हात लावला नाही.' आणि सही करा."

सात दिवस, दररोज एकशे त्र्याऐंशी तार. शाळा सुटल्यावर नीला गॅलरीत बसे आणि मी समोर. वाचकहो, मी उपवास केले आहेत, दोन पाळ्या उभ्याने काढल्या आहेत. परंतु आपल्या मुलीचा धागा बारीक होत होत तुटण्याच्या बेतास आला असता हात मांडीवर ठेवून बसणे, याइतके कठीण कर्म मी केलेले नाही. हात आपोआप पुढे जात. "अहो, हात!" रत्नप्रभा स्वयंपाकघरातून न पाहताच ओरडे. अखेरीस मी हातांवरच बसू लागलो. अण्णा दारातून शंका काढीत: "सहदेवराव, फुंकर चालेल का? नियमात फुंकर नाही."

"अण्णा, गप्प बसा ना!" नीला म्हणे. मंगळवारी ती थेट मलाच म्हणाली, "बाबा, थोडं मागे सरका. सावली पडतेय." दहा-अकरा दिवसांत तिने मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले वाक्य. मी इतका मागे सरकलो की कुंडीत बसलो.

शुक्रवारी दुपारी भाऊ दहिसरहून आले ते कोणी न बोलावता. आले, टोपी काढली, भिंतीशी बसले. संध्याकाळ होत आली तेव्हा साठ तार उरले होते. नीलाची बोटे राखेने पांढरी पडली होती आणि अंगठ्याला भेग गेली होती. ती पुढचा पेळू घ्यायला वळली, तो पेळू घरंगळत भाऊंच्या पायाशी गेला. भाऊंनी वाकून हात पुढे केला.

"भाऊकाका, हात लावू नका!"

रत्नप्रभेच्या हातातील पळी थांबली. भाऊंना आजवर कोणी "नका" म्हटलेले नव्हते. त्यांचा हात पेळूच्या वर तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"बरां," ते म्हणाले.

त्या दिवशी भाऊ आमच्याकडेच राहिले. शनिवारी नीला एकटीच सूत घेऊन शाळेत गेली. मला तिने येण्याची मनाई केली होती. तीन तास आम्ही दोघे भाऊ समोरासमोर बसून होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो. अण्णाही आपल्या दारात उभे होते, आणि त्यांनी एकही सल्ला दिला नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळावे.

जिन्यात पावले वाजली. नीला वर आली.

"झाला?" भाऊंनी विचारले.

"बाराशे त्र्याऐंशी. तीन जास्तच भरले. बाईंनी दोनदा मोजले. पुस्तकात 'उलटा पीळ' लिहिलंय, पण पास."

भाऊंनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "बरां. पाचवीक घाल," ते मला म्हणाले. मग नीलाकडे वळून, "आणि ह्या तुझ्या बापसाचा काय? पास की नापास?"

मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. माझ्या सातही चिठ्ठ्या तिच्या पिशवीत होत्या. त्या तिने काढल्या आणि उभ्या उभ्याच एकेक वाचली. "मी हात लावला नाही. मी हात लावला नाही." एका चिठ्ठीपाशी ती थांबली.

"गुरुवारी बोट पुढं केलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी बघितलं. पण लावलं नाही." मग थोडा विचार करून म्हणाली, "पास."

मराठी पाचवीनंतर माझी कोणी परीक्षा घेतलेली नव्हती. या सर्व प्रकरणात शिक्षण कोणी दिले आणि कोणी घेतले, याविषयी माझ्या मनात अद्याप गोंधळ आहे. पण उत्तीर्ण मी झालो, तो सात दिवस काहीही न केल्याबद्दल. आणि इतके श्रम मला अन्य कोणत्याही कामास पडलेले नाहीत.